अकोल्याचा गिअरबॉक्स

बाबांची जीप वलगावच्या फाट्यावर वळली की तिचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा, आणि त्या आवाजावर माय तवा ठेवायची. फाटा ते घर एवढ्या वेळात पहिली भाकर उतरायची. कधी चुकायचं नाही. त्या दिवशी मायने कान देऊन पीठ मळलं, मळून ठेवलं, पुन्हा मळलं. आवाज आला नाही. शेवटी बाबा पायी आले. दारात चप्पल काढली, हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसले. इंजिन जाम झालं म्हणाले. दर्यापूरकडून भरलेली गाडी येत असताना आत काहीतरी तुटल्याचा आवाज झाला, मग खडखड, मग धूर, मग काहीच नाही. सगळं त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं, जसं शेजारच्या घरी कुणी गेल्याचं सांगावं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बाबांना घाबरलेलं मी तोवर कधीच पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते घाबरले आहेत हे मला त्यांच्या ताटावरून कळलं. त्यांनी भाकरीचे तुकडे केले, तुकड्यांचे तुकडे केले, आणि अंबाडीच्या भाजीला हात न लावता ताट सरकवलं.

त्या भीतीचं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी ते बोलत नव्हतं. जीप घेण्याआधी बाबा सतरा वर्षं दर्यापूरच्या एका मालकाची गाडी चालवत होते. त्या घरी त्यांना पाणी वेगळ्या पेल्यात मिळायचं. तो पेला बाहेर खिडकीत पालथा असायचा, आणि पिऊन झाल्यावर बाबांनीच तो धुऊन पुन्हा पालथा घालायचा. सरकारी लिलावातली ही जुनी पेट्रोल जीप घेतली, ती काळीपिवळी रंगवली आणि बाबा दर्यापूर ते अमरावती सवाऱ्या नेऊ लागले, त्या दिवशी मायने बॉनेटवर पांढरी फुलं ठेवली होती आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोपुढे ती बराच वेळ उभी होती. आता जीप गेली म्हणजे पुन्हा ती खिडकी आली.

मी अमरावतीच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला होते. त्या वर्गात मी एकटीच मुलगी. बाबांनीच मला तिथे घातलं होतं, नातेवाइकांचं सगळं ऐकून घेऊन. मला लोखंडाची भाषा कळते असं त्यांचं म्हणणं होतं. आज चाळीसेक वर्षांनी, आयटीआयमध्येच शिकवून निवृत्त झाल्यावर, मी सांगू शकते की मला तेव्हा फारसं काही कळत नव्हतं. पण घरात कळणारी मीच होते, आणि बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते.

जुन्या पेट्रोल इंजिनाला पार्ट मिळत नव्हते. त्या काळात अशा जीपगाड्यांत सगळे डिझेल इंजिन बसवून घेत, आणि ते मोडीत काढलेल्या टेम्पोचं असायचं. डिझेल इंजिन आलं की मागचा गिअरबॉक्सही बदलावा लागतो, कारण जुन्याची भोकं नव्या इंजिनाला जुळत नाहीत आणि त्याचे दाते ते ओझं झेलत नाहीत. मोडीचा मोठा बाजार अकोल्याला. रेल्वे लाईनच्या पलीकडे पत्र्याची आवारं होती, आणि त्यांतलं एक कमरूनबी नावाच्या बाईचं. नवरा गेल्यावर तिने तो धंदा सांभाळला होता. ट्रकची एक फाटकी सीट जमिनीवर टाकून ती त्यावर बसायची, ओढणीने कपाळ पुसायची, आणि ढिगाकडे न बघता सांगायची की अमुक एक्सल तिसऱ्या रांगेत, डिझेल टाकीच्या खाली आहे. मुलगी पार्ट बघायला आलीय म्हणून तिची माणसं हसली, तेव्हा तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती माणसं कामाला लागली.

इंजिन पहिल्याच खेपेत मिळालं. जमिनीवरच विटा लावून, बाटलीने डिझेल पाजून त्यांनी ते सुरू करून दाखवलं. धूर स्वच्छ होता. आम्ही ते एका टेम्पोत घालून वलगावला आणलं आणि पत्र्याखाली पोत्यांवर ठेवलं. गिअरबॉक्स मात्र मिळेना. टेम्पोचा मूळ गिअरबॉक्स लांबीला जास्त होता. तो बसवला असता तर मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापावा लागला असता. म्हणजे असा पाहिजे की पुढून इंजिनाला जुळेल, मागून जीपच्या शाफ्टला जुळेल, आणि मधे लांबी तेवढीच असेल. मी एका जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा इंजिनाच्या पाठीवर दाबून धरला आणि हातोडीने हळूहळू ठोकत बोल्टांच्या भोकांचा ठसा घेतला. क्लच प्लेट फडक्यात बांधली. ती गिअरबॉक्सच्या दातेरी दांड्यावर सरकली तरच उपयोग. हा पुठ्ठा आणि ही प्लेट घेऊन मी आणि बाबा एसटीने मूर्तिजापूरवरून अकोल्याला जायचो. उन्हाळा होता. मायने बांधून दिलेली भाकर आणि ठेचा आम्ही स्टँडवर खायचो, आणि बाबा मला विचारायचे की आज मिळंल ना. मिळंल म्हणायचे मी. दुसऱ्या खेपेत सहा गिअरबॉक्स पाहिले. एकाची दोन भोकं पुठ्ठ्याच्या बाहेर जात होती, एकाच्या दांड्यावर प्लेट अर्धीच सरकली, बाकीचे फुटके. येताना बाबा सबंध रस्ता खिडकीबाहेर पाहत होते. मधल्या आठवड्यात दर्यापूरच्या मालकाचा निरोप आला होता, की गाडी बंद पडली असं ऐकलं, यायचं तर ये.

तिसऱ्या खेपेत कमरूनबीने आम्हाला पाहताच माणसाला आवाज दिला. एक गिअरबॉक्स तिने बाजूला काढून ठेवला होता, वर ताडपत्री टाकून. मी पुठ्ठा लावला. सगळी भोकं बरोबर आली. प्लेट दांड्यावर सरकली ती लोण्यासारखी. टेपने लांबी मोजली. बोटभर फरक, तो चालणारा होता. बाबा माझ्या मागे उभे होते आणि प्रत्येक मापाला त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग मी वरचा गिअरचा दांडा हाताने हलवून गिअर पाहू लागले. दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स: प्रत्येक गिअर बसताना आत एक खटका लागायचा, हाताला कळेल असा. पहिला गिअर गेला तो खटक्याशिवाय. नुसता सरकला. पुन्हा केलं, पुन्हा सरकला. वरच्या झाकणात प्रत्येक गिअरच्या सळईवर एक बारीक स्टीलची गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग असते, ती सळईला जागेवर धरून ठेवते. पहिल्या गिअरची गोळी धरत नव्हती. एवढं मला नक्की कळलं, आणि त्याच क्षणी मी मान वर केली. बाबा हसत होते. इंजिन बंद पडल्यापासून पहिल्यांदा. ते एका अनोळखी माणसाला सांगत होते की ही माही पोरगी, आयटीआयले आहे, तिनंच सगळं जुळवलं.

कमरूनबी माझ्या हाताकडे बघत होती. ती जवळ आली आणि मला एकटीला विचारलं, "बेटी, सब ठीक है ना? इथून गेलं की गेलं. आत्ता बोल."

"ठीक आहे," मी म्हटलं.

का म्हटलं, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. आणखी एक खेप नको होती, ती माणसं पुन्हा हसतील असं वाटलं, पहिल्या गिअरचं काय, तो गाडी सुटताना आणि चढालाच तर लागतो, असंही मनात आलं. पण ही सगळी नंतरची कारणं. खरं एवढंच की मला भीती वाटली. बाबांच्या तोंडावरचं ते हसू माझ्या एका शब्दाने जाईल याची.

जोडणी आमच्याच अंगणात झाली. अमरावतीचा एक ओळखीचा फिटर चेनपुली घेऊन आला, दोन दिवस राहिला, मायने त्याला वांग्याची भाजी आणि भाकरी करून घातल्या. मी खाली पडून बोल्ट आवळले. झाकण उघडून बघायची संधी मला तेव्हाही होती; फिटर म्हणाला, तेल स्वच्छ आहे, उघडायचं काम नाही, आणि मी गप्प राहिले. शेवटी एक गोष्ट उरली. या जुन्या जीपचा हँडब्रेक तिच्या जुन्या गिअरबॉक्सच्या शेपटावर होता. तो काढला तसा हँडब्रेकही गेला, आणि नव्याच्या शेपटावर तो बसायला जागाच नव्हती. फिटर म्हणाला नंतर काहीतरी करू. बाबा म्हणाले, गाडी गिअरमधे टाकून बंद केली का हालत नाई, किती गाड्या तशाच चालतात. पहिल्या गिअरमधे, ते म्हणाले. मी स्टेपनीवर बसून हात पुसत होते. पुसून झालेलेच हात मी पुन्हा पुसू लागले.

डिझेलचा आवाज जड होता. माय म्हणाली आता फाट्याच्याही आधीपासून ऐकू येईल. गल्लीतली माणसं पाहायला आली, आणि दुसऱ्या दिवसापासून जीप रस्त्यावर. दर्यापूरच्या मालकाला बाबांनी निरोप पाठवला की येत नाही. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

पुढचे अकरा दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सकाळी बाबांच्या जीपनेच मी अमरावतीला जायचे. गाडी कुठेही थांबली की मी आधी उतरून मागच्या चाकाखाली दगड लावायचे. बाबांना त्याचं कौतुक. सवाऱ्यांना सांगायचे, पाहा, शिकलेली पोट्टी कशी असते. मला ते ऐकवत नसे. मी नसताना ते दगड लावतात की नाही हे मी रोज विचारायचे आणि ते हो म्हणायचे, पण मला माहीत होतं की ते गिअरवर विसंबून आहेत, म्हणजे माझ्यावर. एकदा अमरावतीच्या स्टँडवर सपाट जागेत उभी असलेली जीप वीतभर पुढे आली. कुणी टेकलं असेल म्हणाले बाबा. वर्गात बसले की खिडकीबाहेरच्या प्रत्येक हॉर्नला मी मान वर करून रस्त्याकडे पाहायचे. रोज ठरवायचे, आज सांगायचं. घरी आले की बाबा बॉनेट पुसत असायचे, गुणगुणत. आणि रोज एक दिवस वाढला तशी सांगायची गोष्ट अवघड होत गेली. आधी फक्त स्प्रिंगचं सांगायचं होतं, आता इतके दिवस गप्प राहिल्याचंही.

बाराव्या दिवशी रविवार होता. मायला दर्यापूरला मावशीकडे जायचं होतं, म्हणून ती आणि मी दोघी जीपमध्ये. माय मागे बसली, मी पुढे बाबांच्या शेजारी. माझ्या आणि दाराच्या मधे दोन बाया, त्यांच्या मांडीवर भाजीच्या टोपल्या. मागे दहा-अकरा माणसं, आणि फळीवर पाय बाहेर सोडून तुळशीराम आबाजी. ते वाटेवरच्या गावचे, सत्तरीचे, आमच्या जीपचे रोजचे. दर्यापूर रस्त्यावर तेव्हा एक बुटका पूल होता. आता तिथे उंच पूल आहे, कळतसुद्धा नाही खाली नदी आहे ते. तेव्हा गाडी नदीत उतरल्यासारखी उतरायची आणि पलीकडचा चढ छातीवर यायचा. पुलाला कठडे नव्हते. नुसते गुडघ्याएवढे दगड, तेही मधेमधे पडलेले. पूल ओलांडून आम्ही अर्धा चढ चढलो आणि मागून कुणीतरी ओरडलं की टपावरचं गाठोडं सुटलं. बाबांनी गाडी थांबवली, पहिल्या गिअरमधे टाकली, बंद केली आणि उतरून मागे गेले.

मला उतरायचं होतं, आणि बाबांच्या बाजूने जायचं तर गिअरचा दांडा आणि स्टिअरिंग आड येत होतं. मी शेजारच्या बाईला म्हटलं, मावशी, मले उतरू द्या. ती म्हणाली, आत्ता निंगन गाडी, कायले टोपल्या काढायले लावतं. बाबा मागच्या फळीवर एक पाय ठेवून दोरी ओढत असल्याचं मला आरशात दिसत होतं. गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला टेकलेला होता. मी त्यावर हात ठेवायच्या आत तो हलला. कुणीही न हलवता, सावकाश, एखाद्या माणसाने कूस बदलावी तसा तो मधे आला, आणि गाडी मागे जाऊ लागली.

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागे आरडाओरडा झाला. आरशातून बाबा नाहीसे झाले. मी बाबांच्या सीटवर कशी सरकले ते आठवत नाही. मी तोवर गाडी रस्त्यावर चालवलेली नव्हती. पाय खाली मारला. पेडल तळाला गेलं आणि काहीच झालं नाही. त्या जीपचा ब्रेक दुसऱ्या दाबाला लागायचा, बाबांना सवय होती. मी दोन्ही पायांनी पुन्हा दाबला, पुन्हा, आणि मग मागे काहीतरी करकरलं आणि गाडी तिरपी होऊन उभी राहिली. मागचं डावं चाक पुलाच्या दगडाला लागलं होतं. मला ते दिसत नव्हतं. मला काहीच दिसत नव्हतं, मी स्टिअरिंग छातीशी धरून दोन्ही पाय पेडलवर ताणून बसले होते आणि मान वळवायचीही हिंमत नव्हती, कारण मान वळवली तर पाय हलेल. मागे बाया रडत होत्या. माय माझं नाव घेत होती. मी बाबांना हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. गाडी ज्या वाटेने मागे आली त्या वाटेवर बाबा उभे होते, आणि ते आता चाकाखाली आहेत असं मला वाटलं. वाटलं म्हणजे मी ते पाहिलंच. त्या चार-पाच श्वासांत मी त्यांना पूर्ण मेलेलं पाहिलं, त्यांना घरी आणलेलं पाहिलं, मायला पाहिलं.

मग खिडकीतून एक हात आला आणि माझ्या मनगटावर बसला. मातीने भरलेला, कोपरापासून सोललेला.

"पाय काढू नको," बाबा म्हणाले. "आमी दगड लावून राहिलो. मी सांगतो तवा काढ."

चारी चाकांना दगड लागले, माणसं उतरली, मग बाबांनी माझे पाय हातांनी धरून पेडलवरून उचलले. ते आपोआप उठत नव्हते. बाबा बाजूच्या खड्ड्यात फेकले गेले होते, म्हणून वाचले. तुळशीराम आबाजींनी फळीवरून उडी टाकली होती आणि त्यांचं डावं मनगट मोडलं होतं. ते रस्त्याच्या कडेला हात मांडीवर घेऊन बसले होते आणि कण्हतही नव्हते. एका येणाऱ्या गाडीने बाबा त्यांना अमरावतीला दवाखान्यात घेऊन गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, हिच्यामुळं वाचलो आज.

दिवेलागणीला ते घरी आले. माय त्यांच्या कोपराला हळद लावत होती. शेजारचे लोक येऊन मला शाबासकी देऊन गेले होते. ते सगळे गेल्यावर मी अंगणात बाबांसमोर उभी राहिले आणि सांगितलं. अकोल्यात हात लावला तेव्हाच कळलं होतं, हे सांगितलं. कमरूनबीने विचारलं होतं, हेही. मायचा हात हळदीच्या वाटीत थांबला. बाबांनी कधी माझ्यावर हात उगारला नव्हता. त्या दिवशी उगारावा असं मला वाटत होतं.

"मले काहून नाई सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"भेव वाटलं. तुमी किती दिसानं हासले होते."

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "मी त्या खिडकीतला पेला परत उचलला असता, सुमन. त्यानं माणूस मरत नाई." आणि थोड्या वेळाने, "हे आबाजीले तू सांगशीन. मी नाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही गिअरबॉक्सचं झाकण उघडलं. स्प्रिंगचे दोन तुकडे झालेले होते, करंगळीच्या नखाएवढे. नवी स्प्रिंग अमरावतीत पहिल्याच दुकानात मिळाली. हँडब्रेकसाठी मात्र पुन्हा अकोला. कमरूनबीने मागचा सबंध एक्सल, केबलसकट, शोधून दिला. मी तिलाही खरं सांगितलं. तिने ऐकलं, मान हलवली आणि माझ्याकडे पाठ करून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागली. त्यानंतर वर्षभर मी तिच्या आवारात जात होते. तिने माझ्या तपासणीवर शब्दही काढला नाही, पण मी बघून झाल्यावर ती स्वतः उठून यायची आणि प्रत्येक पार्टला आपला हात लावून पाहायची. ते योग्यच होतं.

आबाजींकडे मी एकटी गेले. ते ओसरीत खाटेवर बसले होते, हात प्लास्टरमध्ये. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, गोळी, स्प्रिंग, खटका. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी मला बसायला सांगितलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं, आणि विचारलं की प्लास्टर काढायला अमरावतीला जायचं आहे त्या दिवशी आपली गाडी येईल का. येईल म्हटलं.

आली. आबाजींना पुढे बसवलं, माझ्या शेजारी. पोटावर प्लास्टरचा हात धरून ते बसले होते. सबंध रस्ता ते पिकांबद्दल बोलत होते. मग पूल आला, गाडी खाली उतरली आणि चढाला लागली, तसे ते बोलायचे थांबले आणि त्यांनी चांगल्या हाताने माझा दंड धरला. इतका घट्ट की बोटं रुतली. मी त्यांना म्हटलं, आबाजी, स्प्रिंग नवीन आहे, मी सोताच्या हातानं बसोली.

"मालूम आहे वं बाई," ते समोर बघत म्हणाले. "तरी भेव लागते."

"मलेही," मी म्हटलं. बाबांनी गिअर बदलला, आणि आम्ही तिघं चढ संपेपर्यंत तसेच बसून राहिलो.